युरोपचं विमान: सव्वा तासाचा लेओव्हर, दोन ज्येष्ठ नागरिक आणि एक हट्टी नवरा

सोनटक्का
नमस्कार मंडळी,
मे महिन्याच्या मध्यावर युरोपला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि सासू-सासरे. दोघंही सत्तरी ओलांडलेले. सासूबाई तुरुतुरु चालतात, अण्णांचा गुडघा मात्र कुरकुरतो. पुण्याहून निघणार. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, शेवटी रोम, प्रत्येक ठिकाणी चार रात्री. हॉटेलं आणि फिरणं मी निस्तरेन, घोडं अडलंय ते विमानापाशी. पर्याय असे:

अ) एक आखाती कंपनी. जाताना मुंबई ते पॅरिस, येताना रोम ते मुंबई. विमान बदलायला मध्ये मिळणारा वेळ (लेओव्हर) जाताना १ तास २० मिनिटं, येताना पावणेतीन तास.

ब) लुफ्तान्सा-स्विस. जाताना म्युनिकला २ तास १० मिनिटं, येताना झुरिकला साधारण तेवढंच. 'अ'पेक्षा माणशी अठरा हजारांनी महाग, म्हणजे पाच जणांचे नव्वद हजार.

क) मुंबई-इस्तंबूल एक तिकीट, इस्तंबूल-पॅरिस दुसऱ्या स्वस्त कंपनीचं वेगळं तिकीट. मध्ये सहा तास. सगळ्यात स्वस्त. आमच्या घरच्या अर्थमंत्र्यांचा जीव याच्यावर जडलाय. "सहा तास आहेत की, आरामात कबाब खाऊ!"

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) अजून काढायचाय. अनुभवी लोकांनी बोला.

शेवटची_लोकल
'अ' म्हणजे दादरला स्लोमधून उतरून, पूल चढून, समोरची फास्ट पकडण्यातला प्रकार. आपण दोघं-तिघं असू तर जमेलही. अण्णांना घेऊन नको.

मुक्काम_म्युनिक
आधी 'क' निकालात काढू. इस्तंबूलला उतरणार कुठल्या विमानतळावर आणि दुसरं विमान सुटतंय कुठून?

सोनटक्का
बघून सांगते... मुंबईचं विमान आयएसटीला उतरतंय, पॅरिसचं एसएडब्ल्यूवरून सुटतंय. एकच ना हे?

मुक्काम_म्युनिक
नाही. आयएसटी हा नवा मोठा विमानतळ, शहराच्या युरोपकडच्या बाजूला. एसएडब्ल्यू म्हणजे सबिहा ग्योकचेन, बॉस्फरस ओलांडून आशियाच्या बाजूला. रस्त्याने पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. ट्रॅफिक लागला की दोन तास तिथेच. वेगळी तिकिटं म्हणजे बॅगा उचला, इमिग्रेशन करून तुर्कस्तानात शिरा, टॅक्सी करा, पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा पासपोर्ट. सहा तासांतले कबाबाला किती उरले ते अर्थमंत्र्यांना विचारा.

शिवाय तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो तो शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा हातात असेल तर. तुमच्या शेंगेन स्टिकरवर 'पासून' अशी तारीख असते. पॅरिसला पोचण्याच्या तारखेपासून व्हिसा दिला आणि तुम्ही इस्तंबूलला आदल्या दिवशी उतरलात, तर त्या दिवशी तो चालू नाही. दुकान बंद.

हिशेबनीस
विमानतळाचा मुद्दा मान्य. पण वेगळ्या तिकिटांना सरसकट नावं ठेवायची फॅशन झालीये. एकच विमानतळ, फक्त केबिन बॅग आणि मध्ये एक रात्र ठेवली तर मजेत जमतं, पैसे वाचतात आणि एक शहर फुकटात बघून होतं. आमच्याकडे असंच चालतं.

शेवटची_लोकल
हिशेबनीस, तुमच्याकडे सासूबाई केबिन बॅगेत मावतात का? (ह. घ्या.)

हिशेबनीस
आमच्या सासूबाई एकट्या फिरतात, आम्हाला नेत नाहीत.

तिकीटवाला
या धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ तास २० मिनिटांचं गणित मांडून बघा. विमान थांबून दार उघडेपर्यंत दहा मिनिटं. लांब उभं केलं असेल तर बस, आणखी दहा-पंधरा. पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या वीस मिनिटं आधी बंद. मध्ये हातातल्या सामानाची सिक्युरिटी पुन्हा होते. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी चालायला पाऊण तास उरत नाही. आता ज्याकडे कोणी बघत नाही ते: अण्णांसाठी व्हीलचेअर मागितलीत तर त्यांना विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. पहिल्या रांगेत बसले असले तरी. हातातला वेळ तिथेच आणखी कमी होतो.

विमान चुकलं तरी एकाच पीएनआरवर असाल तर कंपनी पुढच्या विमानात बसवते, पैसे घेत नाही. लेओव्हर ठरावीक किमान वेळेपेक्षा कमी असेल तर ते तुम्हाला तिकीट विकतच नाहीत. पण पुढच्या विमानात पाच जागा एकत्र मिळतीलच असं नाही. मेमध्ये तर बोलूच नका.

भरपाईचंही बघा. युरोपियन युनियनचा २६१/२००४ नावाचा नियम आहे. कंपनीच्या दोषाने शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर ३५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत मिळतात. युरोपियन कंपनी असेल तर मुंबईहून जातानाही हा नियम लागू. आखाती कंपनी असेल तर जाताना नाही, फक्त युरोपातून निघताना. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप, बंद आकाश असल्या कारणांना पैसे नाहीत, पण जेवण आणि हॉटेल द्यावंच लागतं. नव्वद हजारांच्या फरकात हेही धरा.

आणि स्वस्त दिसतंय म्हणून कोणी लंडनमार्गे सुचवलं तर थांबा. हिथ्रोवर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. शेंगेनचा पर्यटक व्हिसा तिथे कामाचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
तिकीटवाले भाऊ, पोस्ट जपून ठेवली. आम्हाले नागपूरहून आधी मुंबई गाठा लागते न, म्हणजे तुमच्या लेओव्हरच्या आधी आमचा एक लेओव्हर. दोहाचं विमान नागपूरले येते तेव्हा तेच बरं पडते. मुंबईच्या गर्दीत पडाच नाही लागत.

मांडवीतीर
गोव्यातून तीच कथा. मोपा झाला, दाबोळी आहेच, पण पॅरिस-रोमसाठी कुठेतरी बदली करावीच लागते. पुणेकरांनी रडू नये, त्यांना निदान गाडीने मुंबई गाठता येते.

मंडईकर
पुणेकर रडत नाहीत, पुणेकर आठवण करून देतात. एके काळी पुण्याहून थेट फ्रँकफर्टला लुफ्तान्सा जायचं. आतलं सगळं मोजक्या लोकांसाठी, छोटंसं विमान. गेले ते दिवस.

सोनटक्काताई, नवी मुंबई विमानतळाच्या भरवशावर राहू नका. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला खरा, पण सुरुवातीला देशांतर्गतच. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा, सहारचा टी-२ धरूनच गाडी ठरवा. आणि तिकिटावरची तारीख नीट बघा. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. '१४ मे, ००:५५' असं लिहिलं असेल तर पुण्यातून निघायचं १३ तारखेच्या दुपारी. खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा पडला की काय होतं ते मी सांगायला नको.

सोनटक्का
बाप रे, किती माहिती! 'क' बाद. नवऱ्याला धागा दाखवला, तो "बघू" म्हणाला. आमच्याकडे याचा अर्थ मान्य असा होतो.
आता 'ब'बद्दल. म्युनिकला इमिग्रेशन होईल की पॅरिसला? दोन तास पुरतात?

मुक्काम_म्युनिक
शेंगेनमध्ये पहिलं पाऊल जिथे, तिथे इमिग्रेशन. म्हणजे म्युनिकला. पुढचं म्युनिक-पॅरिस देशातल्या देशात गेल्यासारखं. बॅगा थेट पॅरिसला मिळतात. येताना रोमहून झुरिकला आलात की बाहेर पडल्याची नोंद झुरिकला.

म्युनिक सुटसुटीत आहे, एरवी दोन तास दहा मिनिटं पुरतात. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झालीये. एप्रिल २०२६ पर्यंत सगळीकडे लागू करायचं ठरलं होतं. शिक्क्याऐवजी संगणकात नोंद, चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे. तुम्ही जाल तेव्हा सगळ्यांचीच पहिली वेळ, त्यामुळे रांग लांबू शकते.

इतिहासपुरुष
किंचित दुरुस्ती, काका. बोटांचे ठसे द्यायचे ते बिनव्हिसा येणाऱ्यांनी, म्हणजे अमेरिकन, ब्रिटिश वगैरे. आपले ठसे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, ते पुन्हा नोंदवत नाहीत, फक्त पडताळायला बोट टेकवायला लावतील. आपली नवी नोंद फोटोची. चिरंजीव बाराच्या आतले, त्यांचे ठसेच घेत नाहीत. म्हणजे रांगेत आपण तुलनेने लवकर सुटायला हवं.

मुक्काम_म्युनिक
बरोबर, ते राहिलं. पण रांग आपल्याला बघून लांबत नाही. पुढे दोनशे ऑस्ट्रेलियन उभे असले की आपण किती झटपट सुटतो याला अर्थ नाही.

पोटोबा
एवढे प्रतिसाद झाले आणि खाण्याबद्दल एक अक्षर नाही! ही काय मराठी माणसं?

शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच एव्हीएमएल टाका, म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. निदान २४ तास आधी सांगावं लागतं. 'हिंदू मील' घेऊ नका, त्यात चिकन-मटण येतं, फक्त गोमांस नसतं. नावावर जाऊन आमच्या मामींचा संपूर्ण प्रवास दह्यावर झाला होता.

सोबत न्यायचं तर चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थेपले. लोणच्याची बाटली हातातल्या पिशवीत नको. शंभर मिलीच्या वरचं ओलं काहीही असो, सिक्युरिटीवाले काढून घेतात. लोणच्याला वेगळा न्याय नाही.

सोनटक्का
सासूबाई हापूसची पेटी नेणार म्हणतायत. पॅरिसला अण्णांचे मित्र आहेत, त्यांच्यासाठी. मे महिना आहे ना!

पोटोबा
हापूसवर पाणी सोडा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून ताजी फळं न्यायला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. म्हणजे अण्णांच्या मित्रांना श्रीफळ द्या, शाल घरातली.
मांस आणि दुधाचे पदार्थही चालत नाहीत: तूप, पेढे, श्रीखंड, खवा.

वऱ्हाडी_ठेचा
ड्युरियन चालते अन् हापूस नाही? काय जमाना आला बाप्पा.

शेवटची_लोकल
ड्युरियन घेऊन विमानात कोण बसू देईल, हा वेगळा धागा होईल.

रेवदंडा_रिटर्न्स
अवांतरात अवांतर: दुबईमार्गे जाऊन मध्ये बाहेर पडणार असाल तर खसखस सोबत नको. तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत येते. अनारशांवर असते, कित्येकांच्या गोड्या मसाल्यात असते. मी दुबईत राहते, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला फोन करून हे सांगते. निम्मे लोक हसतात.

तिकीटवाला
यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बाहेर पडणार नसाल आणि बॅगा थेट पुढे जाणार असतील तर सहसा प्रश्न येत नाही, पण उगाच परीक्षा का घ्या.

आणखी एक: दुबई-दोहाच्या ड्यूटी फ्रीमध्ये अत्तर किंवा दारू घेतलीत तर सीलबंद पिशवी फोडू नका. पुढे युरोपात पुन्हा विमान बदललंत की परत तपासणी असते.

हिशेबनीस
खाऊन झालं असेल तर मुद्द्यावर येऊ. 'अ' इतक्यात का सोडताय? त्याच कंपनीचं पॅरिसला दिवसातून एकच विमान नसतं. तिकीट काढताना मल्टी-सिटीमध्ये (म्हणजे प्रत्येक टप्पा आपण वेगळा निवडायचा) जाऊन पुढचं निवडा. एक तास वीसच्या जागी चार तासांचा लेओव्हर मिळेल, भाडं बहुतेक तेवढंच. अण्णा मधल्या वेळात पाय मोकळे करतील. नव्वद हजार वाचले ते पॅरिसला उडवा.

सांजवेळ
हिशेबनीसांशी सहमत, पण २०२५ च्या जूनची आठवण करून देते. २३ जून २०२५ ला कतारचं आकाश अचानक बंद झालं होतं. माझी आत्या त्या वेळी तिथल्याच विमानतळावर होती. रात्रभर खुर्चीत. औषधं चेक-इन केलेल्या बॅगेत. कंपनीने दुसऱ्या दिवशी सोय केली, तक्रार नाही, पण तिचा बीपी घरी येईपर्यंत उतरला नाही. मार्ग कुठलाही घ्या, चार दिवसांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा.

हिशेबनीस
आकाश कुठलंही बंद होऊ शकतं. आइसलँडचा ज्वालामुखी २०१० साली पेटला तेव्हा युरोपचंच झालं होतं.

सांजवेळ
म्हणून तर मार्गाबद्दल बोललेच नाही, औषधांबद्दल बोलले.

मुक्काम_म्युनिक
सोनटक्काताई, मला मुळात तुमचा क्रमच उलटा वाटतोय. पॅरिस आधीच का? मुंबईहून झुरिकला स्विसचं थेट विमान आहे. रात्री बसायचं, पहाटे उतरायचं. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, लुसर्न तासाभरावर. अण्णांना लिफ्टने खाली न्या आणि गाडीत बसवा. जाताना लेओव्हर हा प्रकारच उरत नाही, इमिग्रेशनची रांग लांबली तरी पळायचं नाही.

मग झुरिक-पॅरिस टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान रेल्वेने, चार तास. पॅरिस-रोम छोटं विमान. शेवटी रोम-झुरिक-मुंबई. म्हणजे मुंबई-झुरिक आणि रोम-मुंबई असं एकच मल्टी-सिटी तिकीट, मधलं तुमचं तुम्ही. स्वित्झर्लंडमधली ट्रेन चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी असते, विमानाचं तसं नाही.

हिशेबनीस
पॅरिस-रोम स्वस्त कंपनीचं काढाल तर बॅगेचे पैसे आधीच भरा, गेटवर दुपटीच्या वर घेतात. आणि पॅरिस म्हणजे कुठलं पॅरिस ते बघा. बोव्हे नावाचा विमानतळ शहरापासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर आहे. रोमलाही दोन आहेत, फ्युमिचिनो आणि चाम्पिनो. (हे मी सांगतोय याची नोंद घ्यावी.)

मंडईकर
मेच्या मध्यावर आल्प्समध्ये बर्फ असतो हो. वरच्या पायवाटा बंद, काही केबल कारही देखभालीसाठी बंद ठेवतात. स्वित्झर्लंड जितकं उशिरा तितकं बरं, म्हणून त्यांनी मध्ये ठेवलं असेल.

मुक्काम_म्युनिक
चार दिवसांचा तर फरक. युंगफ्राउयोख हे आल्प्समधलं बर्फाचं ठिकाण वर्षभर चालू असतं आणि गुडघादुखीचा माणूस पायवाटांवर जाणार नाहीये. बर्फ बघायलाच तर जातायत.

सोनटक्का
काका, खरंच की! पॅरिस आधी याचं कारण एवढंच की आयफेल टॉवरचा फोटो पहिल्या दिवशी टाकायचा होता. (नवऱ्याला. मी नाही त्यातली.)
आत्ता तपासलं. मुंबई-झुरिक, रोम-झुरिक-मुंबई असं टाकलं तर 'अ'पेक्षा माणशी अकरा हजार जास्त दिसतंय. टीजीव्ही आणि रोमचं विमान वेगळं. अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "ट्रेन असेल तर काहीही चालेल." रेल्वेतून निवृत्त झालेत.

शेवटची_लोकल
अण्णांना माझा दंडवत. हे आधी सांगितलं असतं तर इस्तंबूल झालंच नसतं.

इतिहासपुरुष
क्रम बदललात तर एक लक्षात घ्या. व्हिसाचा अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश त्या देशाकडे. तुमच्या चार-चार-चार. म्हणजे आधीच्या क्रमात फ्रान्स होतं, आता स्वित्झर्लंड झालं. फ्रान्सची अपॉइंटमेंट घेतली असेल तर रद्द करा.
प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेसाठी आत्ताच हाला. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना ४५. विमा निदान ३०,००० युरोचा, आणि सत्तरीपुढच्यांचा हप्ता बराच जास्त असतो.

सोनटक्का
फ्रान्सची घेणारच होते उद्या! आता स्विस बघते. तिकीट व्हिसाआधी काढू की नंतर?

तिकीटवाला
अर्जाला आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं पक्कं तिकीट नव्हे. रद्द करता येईल असं भाडं निवडा किंवा एजंटाकडून तात्पुरतं आरक्षण घ्या. खोटी तिकिटं छापून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.
आणि मल्टी-सिटी तिकिटातला कुठलाही टप्पा सोडू नका. रोम-झुरिकला बसला नाहीत आणि थेट झुरिकला जाऊन उभे राहिलात तर पुढचं तिकीट रद्द झालेलं असतं.
अण्णांच्या व्हीलचेअरचं निदान ४८ तास आधी कळवा, पैसे लागत नाहीत.

मांडवीतीर
व्हीलचेअर खऱ्या गरजवंतांनीच घ्यावी ही विनंती. हल्ली मुंबईला अर्धं विमान व्हीलचेअरवर चढतं आणि मुंबईलाच उतरताना चमत्काराने चालायला लागतं.

सांजवेळ
सगळेच नाटक करत नाहीत हो. भाषा येत नाही, बोर्ड वाचता येत नाहीत, एकटेच निघालेत, म्हणूनही घेतात बरेच जण. माझी आजी तशीच गेली होती मुलीच्या बाळंतपणाला.

मांडवीतीर
तेही खरं.

नवा_गडी
नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही, पण प्रश्न इथलाच आहे. पॅरिसला जाताना लंडनला पाच तास आहेत. शेंगेन व्हिसा आलाय. पाच तासांत बाहेर पडून बिग बेन बघून होईल का?

शेवटची_लोकल
नवागडी, बिग बेन राहू द्या. वर तिकीटवाल्यांचा पहिला प्रतिसाद आहे, त्याचा शेवटचा परिच्छेद वाचा.

नवा_गडी
वाचला. तिकीट रद्द केलं तर किती कापतात?